आमच्या आळीतलं तुडवणं

आमच्या आळीत नाचायला नाचणं म्हणत नाहीत, तुडवणं म्हणतात. "चल गो, तुडवायला," अशी दारातून हाक आली की समजायचं, कोणाच्या तरी घरी हळद आहे आणि बेंजोवाले येऊन बसलेत. कोणी चांगलं नाचलं तर "काय तुडवलंय" म्हणतात. वाईट नाचलं तर "नुसता चिखल केला" म्हणतात. मी लग्न होऊन कोपरला आले तेव्हापासून हा शब्द ऐकते आहे, आणि तो आला कुठून यावरची भांडणंही तेव्हापासूनच ऐकते आहे.

सासूबाईंचं म्हणणं, शब्द भातशेतीतला आहे. लावणीच्या आधी चिखल तुडवायचा असतो, त्यात पाय जसे पडतात तसे नाचताना पडतात. माझे मिस्टर म्हणतात, चिखल नाही, मळणी. खळ्यात बैल गोल फिरून भात तुडवतात, तशी आपली माणसं मांडवात गोल फिरतात. यावर सासूबाई म्हणतात, "तुला बैलच आठवनार." बेंजोवाला म्हणतो, हा शब्द त्याच्या पार्टीने काढला. पण तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे आणि शब्द माझ्या लग्नाच्या आधीचा, त्यामुळे त्याचं कोणी मनावर घेत नाही.

शेजारच्या नव्या इमारतीत एक निवृत्त मास्तर राहतात. जागा आमच्याच जुन्या शेताची, म्हणून संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर हक्काने येऊन बसतात. त्यांनी एकदा सांगितलं, की मूळ शब्द तांडव. तांडवचं तुडव झालं, असं भाषेत होत असतं. मास्तर शिकलेले, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, तांडव शंकर करतो, तो पन रागात. आमच्या आलीत जेवून नाचतात."

मास्तर म्हणाले, "मी फक्त एक शक्यता मांडली."

मी तेव्हा दारात उभी राहून तांदूळ निवडत होते. मला खरं उत्तर माहीत होतं. पण चार माणसं बोलत असली की माझा आवाज घशातून वर येत नाही, आणि आला तर तोपर्यंत विषय बदललेला असतो. माझ्याशिवाय हे उत्तर आळीत आणखी एकाच बाईला माहीत होतं, ती माझी आत्या. ती माझ्या आधी याच आळीत दिलेली, दोन घरं सोडून राहते. तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणजे ज्या दोघींना माहीत होतं, त्यातल्या एकीला प्रश्न ऐकू यायचा नाही आणि दुसरीला उत्तर देता यायचं नाही.

माझं माहेर ठाण्याच्या खाडीकडचं. घरचे सगळे मिठागरात कामाला. माझी चौथी झाली, पुढची शाळा लांब होती, मग मीही जायला लागले. मिठाच्या वाफ्याची जमीन आधी पायाने दाबून दाबून कडक करावी लागते. नाहीतर पाणी जिरतं आणि मीठ काळं येतं. या कामाला आम्ही तुडवणं म्हणायचो. आठ-दहा जणी ओळीत उभ्या राहायच्या, एकमेकींच्या कमरेला हात, आणि पाय सगळ्यांचे एकदम. आधी टाच, मग पाऊल, मग अंगठा दाबायचा. ठेका चुकू नये म्हणून बांधावर एक म्हातारी तेलाचा रिकामा डबा वाजवायची. दोनदा भराभर, एकदा थांबून.

आता दहा पोरी ओळीत, हात कमरेला आणि डबा वाजतोय म्हटल्यावर काय होणार. पाय जरा जास्त उडायचे. मग मुकादम पलीकडच्या बांधावरून ओरडायचा, "नाचता काय गं?" आणि सगळ्या एका आवाजात म्हणायच्या, "नाय ओ, तुडवतो." तेव्हापासून आमच्याकडच्या पोरींना ती सवयच लागली. लग्नाला नाचायला निघाल्या आणि म्हाताऱ्यांनी विचारलं कुठे, की म्हणायच्या, तुडवायला. त्यातल्या तीन-चार जणी कोपरला दिल्या, त्यात आत्या. त्यांच्याबरोबर शब्द इकडे आला. तांडव नाही, बैल नाही. पकडलेल्या पोरींची थाप आहे ती.

हे मी तीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही. पण गेल्या वर्षी मुलाचं लग्न ठरलं आणि प्रकरण माझ्यावरच आलं.

मुलगी टिटवाळ्याची. तिचे आईवडील मूळचे घाटावरचे, आता तिथल्याच एका इमारतीत राहतात. दोघांचं कॉलेजपासूनचं होतं. ती मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा आमचे मिस्टर फार खुशीत होते. ते तिच्या वडिलांना म्हणाले, "हळदीला सगळे या. आमच्या आळीत पाहुण्याला तुडवल्याशिवाय सोडत नाहीत."

तिच्या वडिलांनी कप खाली ठेवला. माझ्या मुलाकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, नाचवल्याशिवाय म्हणा."

"तेच म्हटलं ना मी."

मुलगी मान खाली घालून ओढणीत हसत होती. मीही मान खाली घालून हसत होते. मान खाली घातल्यामुळे आमची नजर चुकून खालूनच भेटली, आणि ती मला आवडली. तिच्याशी काहीतरी चांगलं बोलावं असं मला फार वाटलं. मी म्हणाले, "चहा घ्या." तिने घेतलेलाच होता. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हणाले, "चहा घ्या." त्या दिवशी मी एवढंच बोलले.

आठवड्याभरात आळीत झालं की हिला सून पसंत नाही. घाटावरची आहे म्हणून आईने तोंड उघडलं नाही. मी एरवीही तोंड उघडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण लग्न ठरलं की माणसाच्या गप्प बसण्यालाही अर्थ येतो. मिस्टर म्हणाले, "एकदा सगळ्यांत बोलून टाक की मला पसंत आहे." मी म्हणाले, बरं. बोलले नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. हळदीला नवरामुलगा अंगणातल्या मांडवात पाटावर बसतो. हळदीचं ताट त्याच्या आईने घरातून आणायचं, आणि उंबऱ्यापासून मांडवापर्यंत तुडवत आणायचं. पुढे बेंजो वाजत असतो. ती पोचली आणि तिने पहिली हळद लावली की मग बाकीच्यांनी लावायची, आणि उष्टी हळद मुलीकडे जायची. मधली पावलं पंचवीस-तीस असतील, पण हौशी बायका त्याला अर्धा तास लावतात. आई नसेल तर काकू किंवा मावशी ताट आणते. पण आई घरात असताना दुसरीने आणलं तर त्याचा एकच अर्थ होतो. सून नको आहे.

मी मनात ठरवलं होतं की नणंदेला ताट द्यायचं आणि मी पाय मुरगळल्याचं सांगायचं. सकाळपासून थोडं लंगडायचं, म्हणजे कोणाला संशय येणार नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी त्या मुलीचा फोन आला. मुलाच्या नाही, माझ्या फोनवर. म्हणाली, "आई, एक विचारू का? तुम्ही हळदीला तुडवणार ना?"

शब्द तिने बरोबर वापरला होता. म्हणजे शिकून घेतला होता. आणि आळीतलं बोलणं टिटवाळ्यापर्यंत गेलं होतं, हेही मला कळलं.

मी म्हणाले, "बघू."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

त्या "बरं" वर मी रात्रीचा स्वयंपाक करताना फार विचार केला. बघू म्हणजे माझ्या भाषेत, मला भीती वाटते. पण तिला काय ऐकू आलं असेल? आमटीत मीठ दोनदा पडलं. मग मी नणंदेला फोन केला, लंगडण्याचा बेत सांगून टाकला आणि म्हणाले, मला शिकव.

माझी नणंद ठाण्याला दिलेली. तिचं तुडवणं बघायला माणसं खुर्च्या धरून बसतात. ती दुसऱ्याच दिवशी आली. स्वयंपाकघराचं दार लावून आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"वैनी, आधी कंबर. कुठेय कंबर?"

"आहे."

"मग हलव."

"हलते आहे."

"ते पोट आहे. बरं, राहू दे. हात वर कर. एकच कशाला? रिक्षा थांबवतेस का?"

मी दोन्ही हात वर केले. ती बघत राहिली. म्हणाली, "आता पोलिसांनी पकडल्यासारखं दिसतंय. तू ताट धर बाई, हात तरी गुंतून राहतील. आणि हसायचं हं. हसली नाहीस तर लोक म्हणतील, बघा, तोंड बघा."

बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय चाललंय गो आत?"

नणंद म्हणाली, "काही नाही, पापड लाटतोय."

चार दिवस पापड लाटले. पाचव्या दिवशी नणंद म्हणाली, "वैनी, लंगडण्याचं काय होतं ते? तेही वाईट नव्हतं."

हळदीच्या दिवशी चार वाजल्यापासून अंगण भरलं. दिवस मावळायच्या आत उष्टी हळद टिटवाळ्याला पोचवायची होती, त्यासाठी गाडी दारात लावलेली. मुलगा पाटावर बसला. त्याच्या पलीकडे आचाऱ्याने तेलाचे रिकामे डबे रचून ठेवले होते, आणि त्या डब्यांच्याच शेजारी आत्याला खुर्ची दिली होती. नणंदेच्या हातात मुलाचा मोबाइल होता. त्यावर ती मुलगी होती, हिरव्या बांगड्या भरून बसलेली. तिला हळद बघायची होती. म्हणजे माझं तुडवणं तिला सगळं दिसणार होतं.

मी ताट घेऊन उंबरा ओलांडला आणि ओट्यावर आले. बेंजो सुरू झाला. मी उभी राहिले. समोर सगळी आळी. मास्तर पहिल्या रांगेत. पाय जमिनीला चिकटले. बेंजोवाल्याने सुरुवातीचा तुकडा पुन्हा वाजवला, मग पुन्हा. पाचव्यांदा वाजवून तो थांबला आणि तारा पिळायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, हळूच, पण मला ऐकू आलं, "मनात नसलं की पाय उठत नाय."

मोबाइलमधल्या मुलीनेही ते ऐकलं असणार. तिने मान खाली घातली.

तेवढ्यात डबा वाजला. दोनदा भराभर, एकदा थांबून. आत्याला बेंजो ऐकू येत नव्हताच. मी उभी आहे एवढं तिला दिसत होतं. तिने शेजारचा डबा मांडीवर घेतला होता आणि बांधावर बसल्यासारखी वाजवत होती.

माझी टाच आपोआप पडली. मग पाऊल, मग अंगठा. मला कोणी विचारलंच नाही. तो ठेका ऐकला की पायांना तेव्हाही दुसरं काही करता येत नसे, आणि अजूनही येत नव्हतं. एक पाऊल, दुसरं पाऊल. बेंजोवाला बघत राहिला आणि मग त्याने तोच ठेका धरला. बायकांनी टाळ्या धरल्या. मला वाटलं, जमलं.

मग माझी टाच उंबऱ्याला लागली.

मिठागरात तुडवताना मागे सरकत जायचं असतं. पुढे तोंड करून चाललं तर तुडवलेलं मागे राहतं, कुठे सुटलं ते दिसत नाही. मागे सरकलं की समोर सगळं दिसतं. लहानपणी लागलेली चाल. माझे पाय पुढे जाणं शिकलेलेच नव्हते. मी तुडवत तुडवत घरात चालले होते, हळदीच्या ताटासकट, आणि मला थांबता येत नव्हतं, कारण डबा थांबला नव्हता.

"आई, पुढे," मुलगा पाटावरून म्हणाला. "आई, इकडे. इकडे."

"परत नेलं ताट," कोणीतरी म्हणालं. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

मी ओट्यावरून घरात शिरले. नणंद मोबाइल धरून माझ्यासमोर चालत येत होती आणि दात ओठ खाऊन म्हणत होती, "वैनी, उलटी काय चाललीस? अगं, माणसं काय म्हणतील?" तिच्यामागे पाच-सहा बायका. मिस्टर खिडकीतून आत बघत होते. ते म्हणाले, "काही विसरलं का?"

मी पाठीने फ्रिजला टेकले तेव्हा थांबले, आणि मी दिसेना म्हणून बाहेर डबाही थांबला.

आयुष्यात मला चटकन काही सुचलेलं नाही. भाजीवाल्याशीही मी घरी आल्यावर मनात भांडते. पण त्या वेळी सुचलं. पाय मागेच जाणार असतील तर मांडव मागे घ्यायचा. मी वळले. तोंड फ्रिजकडे केलं, पाठ दाराकडे, आणि म्हणाले, "आत्याला खूण करा, वाजव म्हणावं."

मी सगळ्यांसमोर एवढं मोठ्याने बोलले याचंच नणंदेला नवल वाटलं. ती मला वळसा घालून पुढे आली, पुन्हा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला, आणि मी निघाले.

उंबरा ओलांडला, ओटा उतरले. पाठ सगळ्या आळीकडे. मला एकही माणूस दिसत नव्हता. मास्तर दिसत नव्हते, खुर्च्या दिसत नव्हत्या. समोर फक्त नणंद आणि तिच्या हातातल्या मोबाइलवर ती एवढीशी मुलगी. आधी हे कोणी सांगितलं असतं तर मी आळीतल्या सगळ्या हळदींना तुडवलं असतं.

मागचं दिसत नव्हतं, पण आत्या होती. डबा वाजवता वाजवता ती ओरडत होती, ऐकू न येणारी माणसं ओरडतात तशी. "डावीकडं सुटलं गो. डावीकडं घे. आता सरल. खांब हाय, खांब. टाच दाब, काल्या मिठाची मानसं तुमी." शेजारच्या दोन बायका माझ्या कमरेला हात घालून ओळीत आल्या, मग आणखी चार. त्यांनाही मागे चालावं लागलं. बेंजोवालेही मागे मागे सरकत होते आणि त्यातला एक तुळशीवृंदावनावर बसला.

मी पोचल्याचं मला कळलं नाही. टाचेला काहीतरी लागलं, मी गर्रकन वळले, ताट कलंडलं, आणि मुलगा म्हणाला, "आई, डोळे."

सगळी हळद त्याच्या डोक्यावर गेली होती. कपाळावरून, कानांवरून, सदऱ्यात. लावायची पहिली बोटं मी विसरलेच, पण लावली नाही असं कोणी म्हणू शकलं नसतं. उष्ट्या हळदीसाठी सासूबाईंनी ती त्याच्या मानेवरून वाटीत निपटून घेतली. गाडी वेळेत सुटली.

त्या संध्याकाळी शब्दाचं भांडण पुन्हा निघालं. सासूबाई म्हणाल्या, "बघितलंत? मागं मागं कोन जातं? भात लावताना बाया मागं जातात. मी म्हनत नव्हते? शेतातलाच शब्द." मिस्टर म्हणाले, बैल मागे जात नाही हे खरं आहे, आणि त्यांनी मळणीचा नाद सोडला. मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले, तांडवातही मागची पावलं असतात. आत्या जेवत होती. मी वाढत होते. "आणखी भात घ्या," एवढं म्हणाले.

सून घरी आली त्याला आता आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यात एकदा दुपारी आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. ती लसूण सोलत होती.

"आई, त्या दिवशी तुम्ही इतक्या हसत होतात."

"मी?"

"हो. निघाल्यापासून शेवटपर्यंत. मी स्क्रीनशॉट काढलाय." तिने मोबाइल दाखवला. मी होते. सगळे दात दिसत होते, शेवटची दाढ सोडून. तो चेहरा मीही कधी बघितलेला नव्हता. आळीने माझी पाठ बघितली होती, त्यामुळे आळीला ते कळलंच नव्हतं. अजूनही काहीजण म्हणतात की हिने सुनेच्या हळदीला तोंड फिरवलं.

ती म्हणाली, "बाकीचे काही म्हणू देत. मला दिसलं."

मी तिला "चहा घे" म्हणणार होते. पण गॅसवर चहा नव्हता. मग मी तिला सांगितलं, मिठागराचं, डब्याचं, मुकादमाचं, पोरींच्या थापेचं. सगळं. लसूण सोलून संपला तरी मी बोलतच होते.

ती उठली आणि फरशीवर उभी राहिली. "दाखवा."

"आधी टाच," मी म्हणाले. "मग पाऊल. अंगठा दाबायचा. आणि मागे जायचं."

मी पोळपाटावर ठेका धरला. ती गॅसच्या ओट्यापासून निघाली आणि दारापर्यंत गेली. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय चाललंय गो आत?"

सून म्हणाली, "काही नाही आजी, तुडवतो."